अर्धवट गोधडी आणि पुढचा टाका



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका बुरुजाचे उदाहरण देतो. एका माणसाने बुरूज बांधायला घेतला, पायाही घातला आणि मग त्याच्याजवळचे पैसे संपले. येणारे-जाणारे पाहतात आणि हसतात (लूक १४:२८-३०). प्रभूला येथे शिष्यत्वाची किंमत सांगायची आहे, हे खरेच. पण उदाहरण घेतले आहे ते अगदी घरगुती, आणि असे अर्धवट बुरूज आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. ते रस्त्यावरून दिसत नाहीत, म्हणून कोणी हसत नाही, इतकेच. ते कपाटाच्या वरच्या फळीवर असतात, पलंगाखालच्या पेटीत असतात, शिलाई मशीनच्या खणात असतात. चार बोटे धावदोरा घालून थांबलेली गोधडी, बाह्यांवाचून राहिलेला ब्लाउज, काजे झाली पण बटणे न लागलेला सदरा, एका बाजूनेच फॉल लावलेली साडी, नातीच्या बाप्तिस्म्यासाठी सुरू केलेले क्रोशाचे टोपडे.

पाऊस सरत आला आहे. कपाटे उघडून कपड्यांना ऊन दाखवण्याचे, कसर लागली आहे का ते पाहण्याचे हे दिवस. वरच्या फळीवरची गाठोडी या दिवसांत खाली येतात आणि बहुधा तशीच पुन्हा वर जातात. म्हणून आज या गाठोड्यांविषयी बोलतो. पुरुषमंडळींनी पान उलटू नये. बुरूज अर्धवट सोडणारा तो माणूस काही शिवणकाम करणारी बाई नव्हता.

शिवणाची सुरुवात गोड असते. गोधडीचेच पाहा. जुनी लुगडी, साड्या, धोतरे निवडायची, विरलेला भाग बाजूला काढायचा, सगळे धुऊन कडक उन्हात वाळवायचे. मग खोलीभर अंथरून थरावर थर लावायचे, सुरकुत्या हाताने सारख्या करायच्या, कच्चे टाके घालायचे. आपल्या कितीतरी घरांत आजीचे लाल लुगडे असेच एखाद्या गोधडीच्या पोटात गेले आहे. या कामाला शेजारणी येतात, चहा होतो, कोणते लुगडे कोणत्या लग्नातले यावर वाद होतो. दोन दिवसांत गोधडी जवळजवळ झाली असे वाटते. प्रत्यक्षात ती तेव्हा सुरू झालेली असते. पुढे उरतो तो धावदोरा. ओळीशेजारी ओळ, त्या ओळीशेजारी पुन्हा ओळ, सगळ्या सारख्या. शेजारणी आपापल्या घरी गेलेल्या असतात. चहाही थंड झालेला असतो.

येथेच आपण थांबतो, आणि थांबल्यावर स्वतःला एक नाव देतो: आळशी. पापनिवेदनातसुद्धा हा शब्द मी पुष्कळदा ऐकतो. मला तो बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. पहाटे उठून डबे भरणारी, सकाळची विरार लोकल पकडणारी, संध्याकाळी परत येऊन सासूबाईंना औषध देणारी स्त्री आळशी कशी?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे विवेकावरील विवेचन आम्ही वाचत असू. संत थॉमस म्हणतात की विवेकाची कामे तीन: नीट विचार करणे, योग्य काय ते ठरवणे आणि ते करण्याची आज्ञा देणे. यांतील तिसरे काम मुख्य, असे त्यांचे मत आहे. चांगला निश्चय केल्यावर त्यातून माघार घेणे, म्हणजे चंचलपणा, याची चर्चा ते विवेकाच्या उणिवांमध्येच करतात. हा फरक साधा नाही. गोधडी पुरी करावी की नाही यावर आपण विचार केलेला असतो. पुरी करायची हेही ठरलेले असते. पण आपल्या हातांना आज्ञा मिळालेली नसते. आणि मिळाली तरी ती “गोधडी पुरी कर” अशी असते. एवढी मोठी आज्ञा कोणताही हात पाळू शकत नाही. “आज जेवणानंतर उजवी बाही जोड” ही आज्ञा हाताला कळते.

म्हणून पहिली गोष्ट अशी की गाठोडे खाली काढल्यावर लगेच सुई हातात घेऊ नये. काम नेमके कोठे अडले आहे ते शोधावे. अर्धवट शिवण कोठेही थांबत नाही. ते बहुधा एखाद्या अडचणीच्या जागी थांबलेले असते. गळ्याची पट्टी कशी बसवायची ते कळले नाही. मुंढा जास्त कापला गेला. त्या रंगाचे रीळ संपले आणि बाजारात गेल्यावर नमुन्याची चिंधी घरीच राहिली. थोड्या पैशांच्या रिळापायी दोन-दोन वर्षे पडून राहिलेले ब्लाउज आपल्याकडे आहेत. पापनिवेदनाआधी आत्मपरीक्षण करताना “फादर, मी वाईट आहे” एवढ्यावर भागत नाही. काय केले ते नावाने सांगावे लागते. येथेही तसेच. काय अडले आहे ते एका चिठ्ठीवर लिहून ती टाचणीने त्या कापडाला लावून ठेवावी. “रीळ, मोरपंखी.” “मुंढ्याविषयी विचारायचे.” पुष्कळ कामे या चिठ्ठीनंतर एका संध्याकाळीच पुढे सरकतात. मुंढा बिघडला असेल तर आपल्या गावात शिवण जाणणाऱ्या ज्येष्ठ बायका आहेत. विचारण्यात कमीपणा नाही.

आता प्रश्न असा की आधी काय हाती घ्यायचे? ज्यावर सर्वात जास्त पैसे खर्च झाले ते, असे पुष्कळ जण म्हणतील. मला शमुवेलाची आई हन्ना आठवते. देवाला दिलेल्या शब्दाप्रमाणे तिने आपला लहान मुलगा शिलो येथील मंदिरात एली याजकाजवळ ठेवला. वार्षिक यज्ञासाठी पतीबरोबर ती तेथे जाई, तेव्हा त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेई (१ शमुवेल २:१९). पवित्र शास्त्रात हे एकाच वाक्यात येते, पण ज्या आईने मूल वसतिगृहात ठेवले आहे तिला ते वाक्य पुरेसे आहे. मूल डोळ्यांसमोर नाही, म्हणजे माप अंदाजाने घ्यायचे. वर्षभरात खांदा किती रुंदावला असेल, उंची किती वाढली असेल? आणि या वर्षीचा झगा या वर्षीच पुरा व्हायला हवा. राहिला तर पुढच्या वर्षी तो शमुवेलाला होणार नाही.

आपल्या गाठोड्यांतही असे झगे आहेत. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा पोशाख जिच्यासाठी बेतला ती मुलगी आता कॉलेजात जाते. बाळंतविड्यातले दुपटे ज्याच्यासाठी काढले तो सायकल चालवतो. त्याला इलाज नाही. पण कोणी अजून वाट पाहत असेल, तर ते काम आधी. अंथरुणाला खिळलेल्या काकांना मऊ गोधडी हवी आहे, ती या थंडीत हवी आहे. लेक आठव्या महिन्यात आहे. तिचे दुपटे ईस्टरपर्यंत थांबणार नाही. कापडाची किंमत किंवा नक्षीची हौस नंतर पाहता येईल.

आणि ज्यांची कोणीच वाट पाहत नाही, ती कामे? येथे मी थोडे धाडसाने सांगतो: ती सगळी पुरी केलीच पाहिजेत असे नाही. उपदेशकाच्या ग्रंथात फाडण्याची वेळ आणि शिवण्याची वेळ, दोन्हींना जागा आहे (उपदेशक ३:७). हौसेने सुरू केलेला, आता आवडेनासा झालेला ड्रेस उसवून त्याचे कापड ज्याला उपयोगी पडेल त्याला देऊन टाकणे हे पाप नाही. कपाटातल्या दहा अर्धवट कामांचे ओझे वाहत राहिल्याने अकराव्या, खरोखर गरजेच्या कामाला हात उचलत नाही, हे मी पाहिले आहे. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिले ते येथे लागू पडते. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करायला त्यांनी आदल्या वर्षी उत्साहाने सुरुवात केली होती आणि पुढे ते काम रेंगाळले होते. पौल त्यांना रागावत नाही. जशी इच्छा दाखवली तसे आता काम पुरे करा, आणि तेही तुमच्याजवळ जे आहे त्यातून करा, असा त्याचा आग्रह आहे (२ करिंथ ८:१०-१२). जवळ जे आहे त्यातून, ही गोधडी शिवणाऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

एक व्यवहाराची सूचना, तीही प्रभूच्याच तोंडची. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, कारण ते आटते आणि फाटलेले आणखी फाटते (मार्क २:२१). प्रभूने ही गोष्ट नव्या शिकवणीविषयी बोलताना वापरली, पण नाझरेथच्या घरात त्याने ठिगळे लावताना पाहिली असणारच. काही वर्षांनी जुनी गोधडी पुन्हा हाती घेताना नवे कापड जोडायचे असेल, तर ते आधी पाण्यातून काढून, वाळवून घ्या.

धावदोऱ्याचा कंटाळा येतो, त्यावर कर्नाटकातल्या आपल्याच बंधुभगिनींची एक रीत सांगण्यासारखी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतील बऱ्याच जणांना पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि काही जण तेथून पळून जंगलात जाऊन राहिले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक असे तिन्ही आहेत. सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवतात. त्या एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने फेरा घेतात आणि आत आत, मध्याकडे सरकतात. म्हणजे पहिला फेरा सर्वात लांब आणि पुढचा प्रत्येक फेरा आधीच्याहून लहान! थकत चाललेल्या हाताला याहून चांगली सोय कोणती? शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना त्या फुले म्हणतात. ऊब देण्यासाठी या फुलांचा काही उपयोग नाही. तरी फुलांवाचूनची कवंदी त्यांना उघडी वाटते. ज्यांच्या वाडवडिलांना फार थोडे मिळाले, त्या बायका कोपऱ्यांशी हयगय करत नाहीत. आपण मात्र हुक लावायचे राहिले म्हणून आख्खा ब्लाउज बाजूला टाकतो.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. काही घरांतले गाठोडे ज्या हातांनी बांधले ते हात आता नाहीत. महिन्याच्या मिस्सानंतर एका घरी मुलींनी मला आईची गोधडी दाखवली. निम्मी झालेली, सुई तशीच कापडात टोचून ठेवलेली, गंजलेली. टाकवत नाही आणि हात लावायचे धैर्य होत नाही, असे त्या म्हणाल्या. आईचे टाके तांदळाएवढे, आमचे कसेही येतात. तिचे काम बिघडेल.

संत थॉमस यांचेच पुढे सांगतो. ६ डिसेंबर १२७३ रोजी, संत निकोलस यांच्या सणाच्या दिवशी, मिस्सा अर्पण केल्यानंतर त्यांनी लिहिणे थांबवले. त्यांचा सर्वात मोठा ग्रंथ, सुम्मा थिओलॉजिया, प्रायश्चित्त संस्काराच्या प्रकरणातच अर्धवट राहिला. सोबत्यांनी विनवले तरी त्यांनी पुन्हा लेखणी उचलली नाही आणि ७ मार्च १२७४ रोजी ते देवाघरी गेले. ख्रिस्तसभेच्या या थोर आचार्याचेही गाठोडे अर्धेच राहिले. मग त्यांच्या मागे राहिलेल्यांनी काय केले? संत थॉमस यांनी तरुणपणी लिहिलेल्या एका जुन्या भाष्यातून तुकडे काढले आणि ते जोडून ग्रंथाला पुरवणी केली. म्हणजे गोधडीच केली, गुरूच्याच जुन्या कापडाची. जाणकाराला सांधा दिसतो. मूळ लिखाण कोठे संपले आणि जोड कोठे सुरू झाली ते लपवलेलेही नाही.

त्या मुलींना मी एवढेच सांगितले की आईसारखे टाके घालण्याचा प्रयत्न करू नका. गंजलेली सुई जपून काढा, डाग राहिला तर राहू द्या आणि तेथून पुढे तुमचे टाके घाला. मोठे येतील, वाकडे येतील. उद्या तुमची मुले ती पांघरताना बोट फिरवतील तेव्हा आजी कोठपर्यंत होती आणि आई कोठून सुरू झाली ते त्यांना कळेल. यापो गावच्या टबीथाचे, म्हणजे दुर्कसचे असेच आहे (प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२). ती मरण पावली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवत होत्या. तिच्या टोपलीत काही अर्धवट राहिले होते का, हे लूक लिहीत नाही. एवढे शिवणाऱ्या बाईच्या टोपलीत ते असणारच. तिला प्रार्थनेने उठवून पेत्राने पुन्हा त्याच विधवांच्या हाती दिले. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या टोपलीचे काय झाले असेल याची कल्पना मला करता येते.

ज्या घरात अजून दुःख ताजे आहे त्यांनी घाई करू नये. गाठोड्यात कडुनिंबाचा पाला घालून ते कोरड्या जागी ठेवावे आणि मन तयार होईल तेव्हा उघडावे.

येत्या दुसऱ्या शनिवारपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन ते पाच सभागृह या कामासाठी उघडे राहील. शिवणवर्गाच्या दोन मशीन उपलब्ध आहेत. मोठी गोधडी अंथरता यावी म्हणून बाके एका बाजूला सरकवून ठेवू. प्रत्येकीने, आणि प्रत्येकाने, एकच अर्धवट काम आणावे, नवे सुरू करण्यासाठी कापड आणू नये. रीळ हरवले असेल तर नमुन्याची चिंधी आठवणीने बरोबर घ्यावी. महिला मंडळाकडे उरलेल्या रिळांचा एक डबा आहे, त्यात पाहता येईल. कात्रीला आपले नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. चहा मंडळाकडून.

आपला ख्रिस्तसेवक,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू