भीती खरी, धोका खोटा

एखाद्याला संकटातून बाहेर पडायला शिकवायचं असेल, तर त्याला आधी संकटात घालावं लागतं का? आणि घालावं लागत असेल, तर किती?

हा प्रश्न आईबापांना पडतो, मास्तरांना पडतो, तालमीतल्या वस्तादाला पडतो. माझ्यापुढे तो रोज सकाळी येतो, कारण मी विमान चालवायला शिकवतो. माझं गाव नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड. पोरगं काय करतं असं कुणी विचारलं, की घरचे 'विमान शिकवतं' एवढंच सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, मी विमानालाच काहीतरी शिकवतो.

आमच्याकडे 'इमर्जन्सी डिसेंट' नावाचा एक धडा असतो. इंजिनाला आग लागली, केबिनमध्ये धूर भरला, शेजारच्या माणसाच्या छातीत कळ आली, की एकच काम उरतं: लवकरात लवकर खाली यायचं, पण विमान न मोडता. या 'पण'च्या पुढचं सगळं शिकवावं लागतं. पॉवर पूर्ण कमी करायची. विमान ३० ते ४५ अंशांत एका बाजूला कलतं करायचं आणि नाक खाली घालायचं. कलतं अशासाठी, की नुसतं नाक खाली ढकललं तर माणूस सीटवरून उचलला जातो. वळत उतरलं तर वजन सीटवर राहतं आणि खाली दुसरं विमान आहे का, तेही दिसतं. वेगाचा काटा लाल रेषेच्या आत ठेवायचा, हवा खळबळती असेल तर त्याच्याही बराच आत. आणि ठरलेली उंची येण्याआधीच सावरायला लागायचं, कारण विमान म्हटल्याबरोबर थांबत नाही. एरवी मिनिटाला ५०० फूट उतरणारं छोटं विमान इथे दीड-दोन हजार फूट उतरतं. समोरच्या काचेत आभाळ दिसेनासं होतं. दिसते ती फक्त जमीन.

मोठ्या विमानात या धड्याला आणखी एक कारण असतं. ३५,००० फुटांवर केबिनमधला हवेचा दाब गेला, तर माणसाचं डोकं धड चालतं ते जेमतेम अर्धा ते एक मिनिट. २० सप्टेंबर २०१८ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात दाब राखणारी यंत्रणा सुरूच झालेली नव्हती. १६६ प्रवासी होते. मास्क खाली आले, कुणाच्या नाकातून, कुणाच्या कानातून रक्त आलं, आणि विमान मुंबईला परतलं. ते अजून फार उंच गेलेलं नव्हतं, म्हणून निभावलं. १४ ऑगस्ट २००५ला सायप्रसहून निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या विमानात धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा वैमानिकांना त्याचा अर्थ लागला नाही. थोड्या वेळात अर्थ लावायला कुणी शुद्धीवरच उरलं नाही. १२१ माणसं गेली.

तेव्हा शिकवायला हवं, यात वाद नाही. वाद आहे तो कसं, यावर.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये मास्तरांचा कल विद्यार्थ्याला धोकादायक हालचालींपासून लांब ठेवण्याकडे असे. १९१७च्या सुमारास गॉसपोर्ट इथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या लष्करी वैमानिकानं हे उलटं केलं. त्याचं म्हणणं असं, की विद्यार्थ्याला मुद्दाम त्या अवस्थेत न्या आणि तिथून सुखरूप बाहेर कसं यायचं ते दाखवा. ज्या खड्ड्याची वाट माहीत नाही, त्याचीच भीती डोकं बंद पाडते. आज जगभर आम्ही शिकवतो त्याचा पाया हा आहे.

पण गोष्ट इथेच थांबली नाही. १९४९मध्ये अमेरिकेनं खासगी परवान्यासाठी 'स्पिन', म्हणजे विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली येणं, याचा सक्तीचा सराव काढून टाकला आणि भोवऱ्यात सापडण्याआधीच्या खुणा ओळखण्यावर भर दिला. पुढच्या काळात स्पिनचे अपघात कमी झाले. आणि ३० मार्च १९६७ला न्यू ऑर्लिन्सजवळ डेल्टा कंपनीचं एक डीसी-८ विमान दोन इंजिनं बंद पडल्याचा सराव करत असताना कोसळलं. विमानातले ६ जण गेले. जमिनीवरचे १३ गेले, त्यात एका हॉटेलात उतरलेल्या, सहलीला आलेल्या शाळकरी मुली होत्या. संकट खोटं होतं. मरणं खरी होती. आज प्रवासी कंपन्या असे सराव जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये करून घेतात.

म्हणजे 'धोक्याशिवाय शिक्षण नाही' हेही पुरतं खरं नाही, आणि 'धोका टाळला की झालं' हेही नाही.

मला यातली रेघ सापडली ती आमच्याकडच्या विहिरीत. मराठवाड्यात पोहायला शिकवण्याची एक जुनी रीत आहे: पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचं पोरगं ढकलून. माझ्या चुलत्यांनी गावातली कितीतरी पोरं अशी पोहायला शिकवली. पोरगं गटांगळ्या खायचं, बोंबलायचं, आईच्या नावानं हाका मारायचं. त्याच्यासाठी ते मरणच असायचं. पण चुलते आधीच पाण्यात उतरलेले असायचे, हातभर अंतरावर. भीती शंभर टक्के खरी होती, धोका जवळजवळ नव्हता. गावात दुसऱ्याही तऱ्हेचे लोक होते, काठावर उभं राहून ढकलणारे आणि हसणारे. त्यांचीही पोरं पोहायला शिकली आणि मोठेपणी अभिमानानं म्हणतात, 'आम्हाला असंच शिकवलं, काय बिघडलं?' हे म्हणणारे वाचलेले असतात. बुडालेला पारावर येऊन आपलं मत सांगत नाही.

तुम्हालाही नोकरीच्या पहिल्या महिन्यात, इंटर्नशिपमध्ये, कोचिंगमध्ये कुणीतरी असं ढकलणारच आहे आणि वर सांगणार आहे, की माणूस असाच घडतो. तेव्हा फक्त एवढं बघा: त्याचे कपडे ओले आहेत का?

विमानात ओल्या कपड्यांचे नियम असतात. उड्डाणाआधी जमिनीवर सगळं ठरतं: कोणत्या उंचीवर सुरुवात, कोणत्या उंचीवर शेवट, सराव मोडायचा शब्द कोणता. मी विद्यार्थ्याला सांगतो, 'आज कधीतरी आग लागली म्हणेन. कधी, ते सांगणार नाही.' अचानकपणा असतो, पण त्याला त्यानं आधी होकार दिलेला असतो. मी पॉवर कमी करतो, पण इंधन खरोखर कधीच बंद करत नाही. आणि मी 'आय हॅव कंट्रोल' म्हटलं, की विद्यार्थ्यानं 'यू हॅव कंट्रोल' असं मोठ्यानं म्हणायचं आणि हात सोडायचे. विमान या क्षणी कुणाचं आहे, याबद्दल एक सेकंदही संभ्रम चालत नाही.

तरी एक अडचण उरतेच. तो होकार खरा असतो का?

व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा सगळा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास जातो. माझ्याकडे परभणीकडची एक मुलगी होती. वडिलांनी तीन एकर विकलेलं, वर कर्ज. मी काहीही विचारलं, की ती म्हणायची, 'चालेल, सर.' वारा जास्त आहे, करायचं? चालेल, सर. रात्री झोप झाली का? झाली, सर. एका सकाळी धडा सुरू करण्याआधी मी तिच्या हाताकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. मी विमान सरळ नेऊन उतरवलं आणि तिला म्हटलं, आजचा धडा जमिनीवर. 'सर, आज नको,' हे वाक्य म्हणून दाखव.

ती हसली. मग म्हणता येईना. तासाला हजारो रुपये मोजणाऱ्या घरातल्या मुलीला 'नको' फार महाग पडतं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिनं ते म्हटलं, खाली बघत. नंतरच्या आठवड्यात एकदा खरोखरच म्हणाली, आणि आम्ही गेलो नाही. त्यानंतर तिनं तो धडा केला, नीट केला, ठरलेल्या उंचीच्या आधीच नाक उचलायला घेतलं. तिला तो अजून आवडत नाही. तो आवडण्यासारखा नाहीच. पण ज्याला 'नको' म्हणता येत नाही त्याच्या 'चालेल'ला काही किंमत नसते, आणि त्यावर विसंबून त्याला धोक्याकडे नेणं म्हणजे काठावरून ढकलणं. 'नको' स्वस्त करणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. शिकणाऱ्यावर ते सोडता येत नाही.

हे सगळं कशासाठी, ते २५ जुलै २०२२ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत दिसलं. बारामतीहून एकटीच उडालेली २२ वर्षांची प्रशिक्षणार्थी, सेस्ना १५२ विमान, हवेत इंजिनाची ताकद गेली आणि विमान शेतात कोसळलं. किरकोळ जखमांवर ती वाचली. त्या वेळी तिच्या शेजारची सीट रिकामी होती. आम्ही जे काही शिकवतो, ते त्या रिकाम्या सीटसाठी शिकवतो. म्हणूनच शिक्षकाचा हात जवळ हवा आणि तरी तो लवकर पुढे यायला नको. दर वेळी वाचवलं, तर विद्यार्थी एवढंच शिकतो की कुणीतरी वाचवतं.

आणि या हिशेबात आणखी एक माणूस असतो, तो विमानात बसलेला नसतो. उंचीचा काटा समुद्रापासून मोजतो. नांदूरघाटवर काटा ३,००० फूट दाखवत असेल, तर विमान गावाच्या पत्र्यांपासून हजारभर फुटांवरच असतं, कारण बालाघाटचं पठारच समुद्रापासून दोनेक हजार फूट उंच आहे. दसरा-दिवाळीनंतर आमच्या भागातल्या गावांतली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. त्यांना कुणी विचारलेलं नाही, की तुमच्या डोक्यावर आम्ही संकटाचा सराव करू का. विद्यार्थी हो म्हणतो, मी हो म्हणतो. ते काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांना माहीतच नसतं.

म्हणून विद्यार्थ्यानं आकडा सांगितला, की मी विचारतो: कुणापासून? समुद्रापासून सांगू नकोस. खालच्या घरापासून सांग.