फिर्याद कोणावर, परवानगी कोणाची?

१८ एप्रिल २०११ रोजी राजापूर तालुक्यातल्या साखरी नाटे इथे पोलिसांनी गोळीबार केला आणि एक स्थानिक तरुण मेला. जैतापूर अणुप्रकल्पाविरुद्धचं आंदोलन तेव्हा पेटलेलं होतं. जमावाने पोलीस ठाण्यावर हल्ला केला म्हणून गोळी चालवावी लागली, ही सरकारची बाजू. मी रत्नागिरीचा. या प्रकरणावर दोन्हीकडून इतकं ऐकलंय की त्यात भर घालायची इच्छा नाही. मला छळणारा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. खरं-खोटं कोर्टात ठरायचं, तर त्या कोर्टाचं दार उघडतं कोण?

जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर खटला भरायचा, तर आधी सरकारची मंजुरी लागते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ मध्ये ही अट होती. सरकारी कर्तव्य बजावताना घडलेल्या इतर गोष्टींसाठी कलम १९७ होतं. आता संहिता नवी आली, कलमांचे आकडे बदलले, अट राहिली. म्हणजे ज्याच्या माणसावर आरोप, त्यालाच विचारायचं: आम्ही कोर्टात जाऊ का?

माझे एक काका हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याशी या विषयावर वाद घालणं सोपं नाही, कारण ते उगाच बोलत नाहीत. "दारूचा अड्डा मोडला की दुसऱ्या दिवशी अड्डेवालाच आमच्यावर केस ठोकायचा. प्रत्येक केसला पदरचा वकील द्यायचा म्हटलं, तर छाप्याला जाईल कोण रे?" मला हे पटतं. घाबरलेला पोलीस कोणाच्याच कामाचा नाही. पण त्याला निर्भय ठेवायची किंमत कोणी तरी मोजतंच, आणि ती अड्डेवाला मोजत नाही.

परभणीच्या ख्वाजा युनूसच्या आईने ती मोजली. २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पोलिसांनी या तरुण इंजिनिअरला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये तो कोठडीतून पळाला, असं पोलिसांनी सांगितलं. सीआयडीच्या तपासात वेगळंच निघालं आणि चौदा पोलिसांवर खटल्याची मंजुरी मागितली गेली. सरकारने ती चौघांपुरती दिली. उरलेल्या दहांचं काय, हे कोर्टात साक्षीपुराव्याने ठरलं नाही, मंत्रालयातल्या फाइलवर ठरलं. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भरपाई वाढवून वीस लाख केली, पण बाकीच्यांवर खटला चालवायला सांगितलं नाही. २०२० मध्ये ते चौघेही नोकरीत परत आले. खटला तेव्हा संपलेला नव्हता.

भरपाई तिजोरीतून जाते. तिजोरीत तुमचा-माझा कर असतो, त्या आईचाही. ज्याने मारलं त्याच्या खिशाला काहीच लागत नाही.

आणि ही भरपाईसुद्धा सहज मिळू लागलेली नाही. १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं शंभरहून जास्त तोळे सोनं जप्त केलं. मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. व्यापाऱ्याने सरकारकडे भरपाई मागितली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं: जप्ती हे राज्याचं सार्वभौम काम, त्यात सरकार जबाबदार नाही. हा निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा, आपल्या साताऱ्याच्या माणसाचा. आपण देतोय तो निकाल बरा नाही हे त्यांना कळत होतं. कायदा करा, असं त्यांनी त्यातच सरकारला सुचवलं. तो कायदा आजतागायत झालेला नाही. १९९३ च्या नीलाबती बेहेरा खटल्यात मात्र कोर्टाने ठरवलं की मूलभूत हक्क मोडला असेल तर ही सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही.

अमेरिकेतही अशी ढाल आहे, फक्त ती मुख्यतः भरपाईच्या दाव्यांत वापरतात. शिवाय १९७१ च्या यंगर खटल्यापासून तिथली संघीय न्यायालयं राज्यात चालू असलेल्या फौजदारी खटल्यात सहसा हात घालत नाहीत. आपल्याकडचा "आधी तिकडे जा" जरा निराळा. कलम ३२ ला आंबेडकरांनी घटनेचा आत्मा म्हटलं होतं, तरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेल्याला बहुतेक वेळा "आधी उच्च न्यायालयात जा" असं ऐकावं लागतं. रत्नागिरीच्या माणसासाठी ऑगस्ट २०२५ पर्यंत उच्च न्यायालय म्हणजे मुंबई होती, तीनशेहून जास्त किलोमीटर, प्रत्येक तारखेला. आता कोल्हापूरचं सर्किट बेंच झाल्यामुळे आंबा घाट चढला की भागतं. कायद्याच्या पुस्तकात "दुसरा मार्ग उपलब्ध आहे" हे अर्ध्या ओळीत येतं, त्यात बसभाडं आणि बुडालेली मजुरी कुठे लिहिलेली नसते.

नव्या संहितेत एक बरी गोष्ट आहे. कलम २१८ खाली सरकारने १२० दिवसांत काही ठरवलं नाही, तर मंजुरी मिळाली असं धरायचं. फाइल दाबून ठेवणं त्यामुळे अवघड झालं, नकार देणं नाही. माझं मत असं की खोट्या केसेस गाळायच्याच असतील, तर ती चाळणी मॅजिस्ट्रेटच्या हातात हवी, गृहखात्याच्या नको. काकांना हे सांगितलं. मला वाटलं, चिडतील.

"मंजुरी आमच्यासाठी असते असं तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले. "साहेबाला ज्याला वाचवायचं असतं तो वाचतो. बाकीच्यांची नावं जातात वर." मग थोडं थांबून, "पण तुझ्या त्या मॅजिस्ट्रेटकडे आधीच केवढा ढीग आहे, बघितलायस का कधी?"

बघितलाय. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.