दुसऱ्याच्या लेकराचं व्रत

अंगणवाडीत अंडं द्यावं का, हा मध्य प्रदेशात पोषणापेक्षा अहिंसेचा प्रश्न झाला. २०१५ मध्ये सरकारने अंड्याला नकार दिला, २०१९ मध्ये दुसऱ्या सरकारने ते द्यायचं ठरवलं, २०२० मध्ये सत्ता पालटली आणि अंड्याऐवजी दुधाची घोषणा झाली. पांढुर्णा-सौंसरकडच्या गोंड घरांत अंडं कधी वर्ज्य नव्हतं. त्यांना कुणी विचारलं नाही. पलीकडे मेळघाटात मात्र महाराष्ट्राच्या अमृत आहार योजनेने अंडं आणि न खाणाऱ्याला केळी अशी सोय केली. डोंगर तोच सातपुडा. अहिंसा तेवढी राज्याच्या हद्दीवर बदलते.

अहिंसेचा आक्षेप हलका नाही. बाजारातल्या अंड्यातून पिल्लू निघत नसलं, तरी पिंजऱ्यातल्या कोंबडीचे हाल खरे आहेत. पण त्या निकषावर वासराच्या वाट्याचं दूधही सुटत नाही. जो दूध घेतो त्याला निर्जीव अंड्याची हरकत नसावी, असं गांधींनीच १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलं. दुसरा आक्षेप, अंड्याऐवजी डाळी-शेंगदाणे पुरतील हा. प्रथिनांपुरता तो बरोबर. पण बी-१२ जीवनसत्त्व त्यांत नसतं. दुधात ते असतं, तर लोह नावापुरतं. दोन वर्षांच्या पोराचं पोट ते केवढं! तेवढ्यात मावणाऱ्या एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं, बी-१२, अ जीवनसत्त्व आणि मेंदूच्या वाढीला लागणारं कोलीन असतं. शाकाहारी घरालाही हे साधतं, पण रोज साधायला दुभतं हवं, नाहीतर पैसा.

मूळ मुद्दा व्रताचा आहे. संकल्प करील त्याचं व्रत. म्हणून तर एकादशीतून लहान मुलं आणि आजारी माणसं सुटतात. इथे गांधींचंच उदाहरण उलटं घातलं जाईल: १९०२ मध्ये त्यांचा दहाएक वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने फणफणला असताना त्यांनी डॉक्टरांनी सुचवलेली अंडी नाकारली. मात्र त्यांनी मुलाला विचारलं, उशाशी जागले, आणि आपण दिलं असतं तर पोराने खाल्लं असतं हेही आत्मकथेत लिहून ठेवलं. जोखीम स्वतःच्या लेकराची होती. भोपाळात बसून पांढुर्ण्याच्या पोराचं अंडं काढून घेणाऱ्याची कसली जोखीम? अंगणवाडीत नाव नोंदवताना अंडं चालतं का, हे घरच्यांना विचारून लिहून घेता येतं. आणि ज्या घरी अंडं चालत नाही तिथे महाराष्ट्रासारखं केळ्यावर भागवू नये. केळ्यात बी-१२ नाही, प्रथिनंही जेमतेम. त्या पोराला दूध आणि डाळ दोन्ही मिळायला हवं.