पात्रांचे प्राक्तन

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि मेजाभोवती बसून, फासे टाकीत, संभाषणातून कथा रचण्याचा प्रघात पडला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राचा भार वाहतो. परंतु वाटेत भेटणारे पाटील, सावकार, चोर, राक्षस यांना कोणी खेळाडू नसतो, आणि त्यांचे जन्म, वाणी व मरण खेळ चालवणाऱ्या एकट्या सूत्रधाराच्या हाती असते. खेळणारे त्यांना ‘एनपीसी’ (नॉन-प्लेयर कॅरेक्टर) म्हणतात. ही पात्रे समतोल कशी घडवावी, हा प्रश्न वरकरणी कारागिरीचा असला, तरी मला तो ईश्वरविषयक चिंतनाचाच प्रांत वाटतो.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात जगत्कर्त्यावरील दोन आरोपांचा विचार आहे : एकास सुखी व दुसऱ्यास दुःखी निर्माण करणारा तो पक्षपाती, आणि अखेर सर्वांचा संहार करणारा तो निर्दय. शंकराचार्यांचे उत्तर असे की, पर्जन्य सर्वत्र सारखाच बरसतो, पण भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. त्याचप्रमाणे प्राण्यांतील वैषम्य त्यांच्या कर्मामुळे येते, आणि संसार अनादि असल्याने पहिले कर्म कोठून आले, हा आक्षेपही उरत नाही. हा आश्रय सूत्रधाराला मात्र नाही. काल रात्री वहीत उतरलेल्या पात्राला पूर्वजन्म कोठला? त्याच्या दैन्याचा आणि दुष्टपणाचा सारा दोष निर्मात्याच्याच माथी येतो.

म्हणून पात्राचे संचित सूत्रधारानेच सिद्ध केले पाहिजे. बळ, बुद्धी इत्यादींचे आकडे जुळवणे आवश्यक आहेच, कारण अजिंक्य शत्रूपुढे पुरुषार्थ व्यर्थ होतो आणि सर्वसमर्थ मित्रापुढे खेळाडू केवळ प्रेक्षक उरतात. पण तेवढ्याने न्याय होत नाही. समजा, खेळ १९४८ च्या उन्हाळ्यात, निजामी अमलातील कुंभार पिंपळगावात मांडला आहे आणि निजामाविरुद्ध लढणाऱ्या भूमिगत कार्यकर्त्यांची खबर देणारा एक कल्पित पाटील त्यात आहे. त्याला नुसता फितूर म्हणून उभा केला, तर तो मारण्याजोगे बुजगावणे झाला. परंतु सारा थकल्यामुळे तहसिलीतून आलेला हुकूम, वतन जप्त होण्याचे भय, निजामाच्या बाजूच्या रजाकारांची दहशत, आणि सरहद्दीपलीकडच्या त्या कार्यकर्त्यांच्याच शिबिरात गुपचूप गेलेला मुलगा, एवढे त्याच्या पदरी घातले, की त्याची खबर हे त्याचे स्वतःचे कर्म होते, आणि त्याला मारावे, सोडावे की आपल्या बाजूस वळवावे, हा खेळाडूंपुढे खराखुरा धर्मप्रश्न ठरतो. याच गोदेच्या मुलखात, पैठणास, एकनाथांनी सोळाव्या शतकात आंधळ्या-बहिऱ्यांना आणि जोशी-गोंधळ्यांना भारुडांत स्वमुखाने बोलावयास लावले. आपल्या सूत्रधारांना याहून जवळचा वस्तुपाठ मला ठाऊक नाही.

एवढे करूनही, आवडत्या पात्राला वाचवण्यासाठी पडद्याआड फासा फिरवणारा सूत्रधार पक्षपाताच्या आरोपातून सुटत नाही. निर्दयतेचा दुसरा आरोप तर अधिकच कठोर आहे. खेळाडूंचा क्रोध चेतवण्यासाठी एखादी कुंभारीण निर्माण करायची आणि पहिल्याच प्रवेशात तिचा बळी द्यायचा, ही रीत फार बोकाळली आहे. माझ्या मते हा निव्वळ निर्दयपणा आहे, आणि मराठीत असे खेळ रचू पाहणाऱ्या तरुणांनी तो आपल्या वहीत येऊ देऊ नये, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.