राजाचें सत्य

ज्या राजपदाचें सारें अधिष्ठान सत्य हें मानलें गेलें, त्याच राजपदाची हकीकत असत्याच्या आधारावांचून लिहितां येऊं नये, असा विरोधाभास इतिहासांत क्वचितच आढळेल. प्राचीन आयर्लंड व स्कॉटलंड येथील गेल लोकांच्या राजांविषयीं वाचतांना हा विचार वारंवार मनांत येतो.

इ. स. ७०० च्या सुमारास रचलेला एक राजोपदेश आयरिश भाषेंत आहे. तो मोरान नांवाच्या पौराणिक न्यायाधीशाच्या मुखीं घातलेला आहे. राजा सत्यानें वागला म्हणजे शेतें पिकतात, गाई दुभतात व रोगराई दूर राहते, असें त्याचें सार. मायल्स डिलन या आयरिश पंडितानें १९४७ सालीं या कल्पनेची तुलना आपल्याकडील सत्यक्रियेशीं केली; तेव्हां आपणांस ती परकी वाटूं नये.

पण या राजांची माहिती आपणांस देतो कोण? स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयोना नांवाचें लहानसें बेट आहे. तेथील मठ संत कोलंबा यानें स्थापिला. ५९७ सालीं तो वारला. त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं त्याचें चरित्र त्याच मठाचा अधिपति अडोमनान यानें लिहिलें. त्यांत अशी कथा आहे कीं, दाल रियाताच्या गादीवर योगनान यावा अशी कोलंबाची इच्छा होती. परंतु देवदूतानें चाबूक मारून त्याला योगनानचा भाऊ एडान यासच अभिषेक करावयास लाविलें. या कथेवरून ५७४ च्या सुमारास प्रत्यक्ष काय घडलें तें कळत नाहीं. राजे कोणाच्या हातून व्हावे असें मठाधिपतीस वाटे, तें मात्र स्वच्छ कळतें. शिवाय चरित्रकार चरित्रनायकाच्याच कुळांतला होता!

ब्रायन बोरूची गोष्ट अशीच. १०१४ सालीं क्लॉन्टार्फच्या लढाईंत पडलेला हा राजा मुन्स्टरमधील एका गौण कुळांतून पराक्रमानें वर आला. तेथील राजपद पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच कुळाकडे असे. तेव्हां वंशावळकारांनीं दोन्ही कुळांचे मूळपुरुष सख्खे भाऊ ठरवून टाकले. वर्षवार नोंदी कोरड्या असतात म्हणून विश्वसनीय वाटतात. पण अल्स्टरच्या प्रसिद्ध नोंदींची उपलब्ध प्रत पंधराव्या शतकाच्या अखेरची आहे.

मग हें सारें टाकून द्यावें काय? माझ्या मतें तो उतावीळपणा होईल. ज्याच्या हातीं तलवार होती, त्याला खोट्या वंशावळीची गरज कां भासावी? बळानें भूमि मिळते, पण राजपद मिळत नाहीं, हें तो मनोमन जाणत होता म्हणून. खोटें नाणें पाडणाऱ्यास खऱ्या नाण्याची किंमत पुरती ठाऊक असते. घडलेली गोष्ट या ग्रंथांतून निसटली असली, तरी लोक राजाकडून कशाची अपेक्षा करीत, तें त्यांत उमटलें आहे.

मात्र एवढ्यावर समाधान मानतां येत नाहीं. जिंकणाऱ्याच्या असत्यांतून कांहीं सत्य गाळून घेतां येतें. हरलेल्याचें मौन कशानेंही भरून निघत नाहीं. योगनानच्या बाजूनें बोलणारा देवदूत त्या चरित्रांत नाहीं. तें मौन इतिहासकारानें स्वतःच्या कल्पनेनें भरूं नये, आणि तें नाहींच असेंही दाखवूं नये. येथें एक माणूस होता व त्याची बाजू आपणांपर्यंत आली नाहीं, इतकें त्यानें लिहावें. ज्या लोकांनीं राजाकडे सत्य मागितलें, त्यांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें तें व्रत आधीं स्वतः पाळलें पाहिजे.