आधी शेरे कोणी लिहिले?

सहावीतल्या मुलीचा ‘माझी आजी’ हा निबंध तपासत होतो. आजी नऊवारी नेसते, तुळशीला पाणी घालते, रात्री गोष्टी सांगते. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. खरी आजी मला माहीत आहे. ती पहाटे चारला भाजी मार्केटला जाते, रात्री गोष्टीआधी स्वतःच झोपते. बाबांच्या मोबाइलवर एआयला विचारलं, हे मुलीने लगेच कबूल केलं.

वर्गात अशी साधनं वापरायला किमान वय १३ असावं, असं युनेस्कोने २०२३ साली सुचवलं. ही ११ वर्षांची. रागवायला तोंड उघडलं आणि आठवलं, प्रगतिपुस्तकातले ४२ शेरे मीही एआयकडूनच लिहून घेतले होते. हिचा होता : ‘शांत, नम्र, अभ्यासू.’ ही तर वर्गातली सर्वांत भांडखोर मुलगी, आणि सर्वांत चांगले प्रश्न विचारणारी!

वयाची अट तिला आहे. मला कोणती? तिने फार तर मला फसवलं. मी तिच्या घरच्यांना तिच्याविषयीच खोटं लिहून दिलं, तेही सहीनिशी. शाळेत एआय जबाबदारीने आणण्याची चर्चा आम्ही शिक्षक नेहमी मुलांपासून सुरू करतो, हे सोयीचंच आहे.

तिला सगळं सांगितलं. ती हसली. दोघांनी पुन्हा लिहायचं ठरलं. तिचा निबंध आला; आजीच्या हाताला कोथिंबिरीचा वास आहे, चुका सात. माझे अजून ४१ शेरे बाकी आहेत.