कासवीची नजर

(शास्त्रवाचन : ईयोब ३९:१३-१७, स्तोत्र १३९:७-१०)



बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला समुद्र तसा लांब नाही. बेळगावहून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, आणि पुढे वेंगुर्ले. निपाणीकर संकेश्वर-आजरा वाटेने त्याच घाटाला येऊन मिळतात. तरी आमच्या घरी समुद्र म्हणजे मासे खाणे आणि फोटो काढणे, एवढेच होते. गेल्या एप्रिलात परीक्षा आटोपल्यावर आम्ही चौघे तीन दिवस वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला राहिलो. जूनमध्ये थोरला शिकायला बंगळूरला जायचा होता. सगळ्यांची मिळून ही शेवटचीच सुटी, असे त्याची आई दहा वेळा तरी म्हणाली असेल.

पहिल्या सकाळी ओहोटीच्या वेळी धाकटीने वाळूवर पसरलेली बारीक गोळ्यांची नक्षी दाखवली. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातले अन्न तेवढे वेचतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. भरती येऊन सारे पुसून टाकते. पुढच्या ओहोटीला त्यांचे काम पुन्हा सुरू! दुसरा एक खेकडा रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहत होता. अंग वाढले की हा मोठा शंख शोधतो. संडे-स्कूलच्या शिक्षकांनी सृष्टीचा धडा फळ्यावर सूर्य-चंद्र काढून शिकवण्याऐवजी एकदा मुलांना ओहोटीला इथे आणावे, असे मला फार वाटले.

पण सांगायचे आहे ते कासवांविषयी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करून शंभरावर अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी लोक उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे संरक्षणाचे काम हाती घेतले. पुढे कोकणात ठिकठिकाणी ते होऊ लागले. अंडी कुंपणात पुरून ठेवतात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर आली की पाण्याच्या अलीकडे वाळूवर सोडतात.

त्या संध्याकाळी तळहातावर मावतील अशी पिल्ले समुद्राकडे निघाली. चार पावले चालत, लाटेने मागे ढकलली जात आणि पुन्हा निघत. आमच्या मंडळींना ते पाहवेना. "उचलून पाण्यात का नाही सोडत?" तिने राखणदाराला विचारले.

"उचलू नकात, वहिनी. तेंका चलूक होया," तो म्हणाला.

एवढ्यात दोन पिल्ले वळून माझ्याकडे येऊ लागली. मला कौतुक वाटले. थोरला मात्र ओरडला, "बाबा, दिवा बंद करा!" माझ्या हातातला मोबाईल पेटलेला होता. समुद्रावरच्या मोकळ्या आकाशाचा मंद उजेड पाहून पिल्ले वाट धरतात; मागे दिवा दिसला तर त्यालाच समुद्र समजतात. पुलपिटावरून मी किती वेळा सांगितले असेल की लेकरांपुढे आपण दिवा व्हावे. त्या संध्याकाळी मात्र माझ्या दिव्यामुळे दोन पिल्ले वाट चुकली. मी तो मालवला आणि ती वळली.

"ह्यांची आई कुठे असते?" धाकटीने विचारले. ती तर अंडी घातली त्याच रात्री गेली होती. आपल्या मराठी संतांनी देवाच्या मायेला कासवीची उपमा दिली आहे: कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने पोसते. ही कासवी तर मागे वळूनही पाहत नाही! रात्री मी ईयोबाचे पुस्तक उघडले. तिथे देव शहामृगीविषयी असेच सांगतो, की ती अंडी धुळीत सोडते आणि कोणाचा पाय पडेल याचे भानही ठेवत नाही. विशेष हे की देव हे तक्रार म्हणून सांगत नाही. आपल्या कृतींची मोजदाद करताना सांगतो. शहामृगी विसरली, तरी शहामृगांचा वंश बुडाला नाही. तेव्हा नजर आहे, पण ती आईची नव्हे. समुद्राच्या पैलतीरी गेलो तरी तिथेही देवाचा हात आहे, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. बंगळूर तर पुष्कळच अलीकडे!

सगळी पिल्ले जगतात असे मी म्हणणार नाही. हजारांत एखादेच मोठे होते असे सांगतात. आपल्या सीमाभागात कितीतरी घरांतली मुले पुण्याला, बंगळूरला, आखातात गेली. दहा वर्षे संडे-स्कूल चालवलेल्या शिक्षिकेला आज बाकावर त्यांतला एकही दिसत नाही. तिला काय सांगावे? जगलेली मादी अनेक वर्षांनी बहुधा त्याच किनारपट्टीवर अंडी घालायला येते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची खूण तिच्यात राहते, असे शास्त्रज्ञ मानतात. (वेंगुर्ल्यातच मिशनच्या डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली जन्मला. तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ साली अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात आला.) परंतु वाट पाहणाऱ्या आईला हा हिशेब पुरत नाही, हे मी घरी पाहतो आहे.

जूनमध्ये बॅग भरताना तिने 'उपासना संगीत' कपड्यांवर ठेवले. त्याची शाळा इंग्रजी, मित्र कन्नड. मराठी तो अडखळत वाचतो. कोणत्या चर्चला जा, हे तिने सांगितले नाही. सांगायचे तिच्या ओठांवर आले होते. गाडी सुटली. पुस्तक त्याने नेले की परत कपाटात ठेवले, हे आम्ही दोघांनीही अजून पाहिलेले नाही.